सामायिक सर्व्हरवरील वापरकर्तानिहाय पीएचपी निर्देश : सोय आणि सुरक्षितता

प्रस्तावना :
एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे ठेवण्याची पद्धत अल्प खर्चामुळे रूढ झाली आहे. लहान संस्था व छोटे व्यावसायिक यांना ती विशेष सोयीची वाटते. अशा अनेक संकेतस्थळांचा आधार असलेली पीएचपी ही भाषा रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. तिचे वर्तन ‘पीएचपी.आयएनआय’ या फाईलमधील निर्देशांनी ठरते. ही मुख्य फाईल सर्वांसाठी समान असते; गरजा मात्र भिन्न असतात. प्रत्येकास स्वतंत्र निर्देश देताना शेजाऱ्याची सुरक्षितता कशी राखावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निर्देश आणि अधिकार :
कोणता निर्देश कोणी बदलावा, हे पीएचपीने निश्चित केले आहे. ‘मेमरी लिमिट’ (मूळ मूल्य १२८ मेगाबाइट) प्रोग्राममधूनही बदलता येते. ‘अपलोड मॅक्स फाईलसाईझ’ (मूळ मूल्य २ मेगाबाइट) तसे बदलता येत नाही. कारण प्रोग्राम सुरू होण्यापूर्वीच फाईल स्वीकारली गेलेली असते. ती मर्यादा डिरेक्टरीच्या पातळीवर बदलावी लागते व तिच्यासोबत ‘पोस्ट मॅक्स साईझ’ही वाढवावी लागते. ‘डिसेबल फंक्शन्स’ हा निर्देश मात्र केवळ व्यवस्थापकाच्या हाती असतो.

प्रमुख पद्धती :
१) अपाचे मॉड्यूल : येथे वापरकर्ता ‘.एचटीअ‍ॅक्सेस’ फाईलमध्ये ‘पीएचपी व्हॅल्यू’ लिहितो. व्यवस्थापकाने ‘पीएचपी अ‍ॅडमिन व्हॅल्यू’ने दिलेले मूल्य त्याला ओलांडता येत नाही. तथापि, सामान्यतः सर्वांचे प्रोग्राम एकाच खात्याच्या नावे चालतात. परिणामी डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाईल शेजाऱ्याचा प्रोग्राम वाचू शकतो. यावर योजलेला ‘सेफ मोड’ अपुरा ठरला व २०१२ मधील ५.४ या आवृत्तीतून वगळण्यात आला.

२) ‘.युजर.आयएनआय’ : २००९ मधील ५.३ या आवृत्तीपासून सीजीआय व फास्टसीजीआयसाठी ही सोय उपलब्ध आहे. फाईल दर ३०० सेकंदांनी पुन्हा वाचली जात असल्याने बदल तत्काळ दिसेलच असे नाही. वापरकर्ता येथे ‘पीएचपी व्हॅल्यू’ या शब्दांविना थेट निर्देश लिहितो.

३) एफपीएम पूल : २०१० मध्ये ५.३.३ या आवृत्तीत एफपीएमचा समावेश झाला. यात प्रत्येक वापरकर्त्यासाठी स्वतंत्र पूल निर्माण करून त्याची प्रक्रिया त्याच्याच खात्याच्या नावे चालविता येते. अनुल्लंघनीय मर्यादाही पूलमध्येच नोंदविता येतात. त्यामुळे फाईलींच्या परवानग्यांना खरा अर्थ प्राप्त होतो. मात्र त्या परवानग्या इतरांसाठी बंद ठेवणे आवश्यक असते.

निष्कर्ष :
स्वतंत्र निर्देश म्हणजे स्वतंत्र संरक्षण नव्हे. ‘ओपन बेसडिर’सारखा निर्देश साहाय्यक असला, तरी केवळ त्यावर विसंबणे योग्य नाही. प्रथम प्रत्येकाची प्रक्रिया त्याच्या खात्याखाली विभक्त करावी, नंतर कमाल मर्यादा व्यवस्थापकाने ठरवाव्यात आणि उर्वरित निर्देश वापरकर्त्याकडे सोपवावेत. हा क्रम पाळल्यास सोय व सुरक्षितता यांचा मेळ साधता येतो.