अर्धी कुपी

सिस्टरनं कुपी हातात घेतली, पण हलवली नाही. तळाशी पांढरी भुकटी बसलेली होती. तिच्यावर त्यांनी २० मिली पाणी अगदी सावकाश सोडलं, मग कुपी दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवली. जोरात हलवलं की फेस होतो आणि औषध वाया जातं, म्हणाल्या. पाच मिनिटं कुपी तशीच ठेवली. पाणी पुन्हा नितळ झाल्यावर त्यांनी मोजून औषध काढलं, उरलेल्या कुपीवर मावशीचं नाव, तारीख, वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आणि ती फ्रिजमध्ये ठेवली.

मावशीनं विचारलं, "ते उरलेलं कुणाचं?"

"तुमचंच. पुढच्या वेळी."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. आधीच्या रुग्णालयात तीन डोस झाले होते आणि तिन्ही वेळा खालच्या दुकानातून छापील किमतीत नवी कुपी आणायला लावली होती. उरलेल्या औषधाचं काय झालं हे कुणी सांगितलं नाही. विचारायचं असतं हे आम्हालाही माहीत नव्हतं.

औषधाचं नाव ट्रास्टुझुमॅब. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर पेशंटांमध्ये पंधरा-वीस जणींच्या गाठीत 'हर-टू' नावाचं प्रथिन फार वाढलेलं असतं. हे औषध नेमकं त्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. अमेरिकेत १९९८ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि ज्या प्रकाराला डॉक्टर सगळ्यात जास्त घाबरत, त्याचं चित्रच पालटलं. डोस वजनावर ठरतो: पहिल्या वेळी किलोमागे ८ मिलिग्रॅम, नंतर दर तीन आठवड्यांनी ६. मावशीचं वजन ५५ किलो. पहिला डोस ४४० मिलिग्रॅम, म्हणजे बरोबर एक मोठी कुपी. पुढचा प्रत्येक ३३०. दर वेळी ११० उरणार.

मोठ्या कुपीबरोबर जे पाणी येतं त्यात जंतू वाढू न देणारं द्रव्य असतं. त्यामुळे विरघळवलेलं औषध २ ते ८ अंशांत २८ दिवस टिकतं आणि पुढचा डोस असतो एकविसाव्या दिवशी. चार डोसांना तीन कुप्या पुरतात. वर्षभराचे सतरा डोस धरले तर सतराऐवजी तेरा कुप्यांत भागतं. हा हिशोब मी घरी वहीच्या मागच्या पानावर तीनदा करून पाहिला. अर्थात हे रुग्णालयाच्या औषधखोलीतच व्हायला हवं. अशी फोडलेली कुपी घरच्या फ्रिजमध्ये ठेवून चालत नाही. साध्या पाण्यात विरघळवलेल्या लहान कुपीला, किंवा त्या द्रव्याची ॲलर्जी असलेल्या पेशंटला, हे २८ दिवस लागू नाहीत.

आमची बचत या फ्रिजमधून सुरू झाली. पण एक कुपी आज ज्या भावाला मिळते, तो भाव कुणीतरी आधी खाली आणलेला असतो, हे मला फार उशिरा कळलं.

२०१२ च्या सुमाराला हे औषध भारतात एकाच कंपनीचं होतं आणि एका कुपीला पाऊण लाख रुपये आणि त्याहूनही जास्त पडत. वर्षाचा कोर्स म्हणजे शेत विकायचा प्रश्न. औषध परवडावं म्हणून देशात मोहीम उभी राहिली, सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंट असूनही दुसऱ्या कंपनीला ते औषध बनवण्याची मुभा, देण्याचा विचार सरकारी पातळीवर सुरू झाला आणि ऑगस्ट २०१३ मध्ये रोश कंपनीनं भारतातल्या पेटंटचा पाठपुरावा सोडला. पुढच्याच वर्षी बंगळुरूच्या बायोकॉननं आपली कुपी बाजारात आणली: ४४० मिलिग्रॅमला ५७,५०० रुपये. कोर्टकज्जे झाले, तरी मागोमाग आणखी भारतीय कंपन्या आल्या. त्याच बायोकॉनच्या औषधाला डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेनंही मान्यता दिली. 'आपल्याकडचं स्वस्त औषध म्हणजे डुप्लिकेट' असं आजही वेटिंग रूममध्ये कुजबुजत बोललं जातं. त्या कुजबुजीला माझ्याकडे एवढं एक उत्तर आहे.

कंपन्या वाढल्या, पण पेशंटला भाव कोण करून देणार? कॅन्सरच्या इंजेक्शनांत छापील किंमत आणि रुग्णालयाची खरेदीची किंमत यांत कधीकधी जमीन-अस्मानाचा फरक असतो. एकट्या माणसाला तो दिसत नाही, आणि सलाइन लावून बसलेल्या बाईनं घासाघीस तरी कशी करायची? घासाघीस करायला पाठीशी वजन लागतं, म्हणजे मोठी मागणी. ती उभी केली परळच्या टाटा रुग्णालयानं.

टाटा मेमोरियल २८ फेब्रुवारी १९४१ ला उघडलं. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहे. ज्यांच्या घरातलं कुणी तिथे गेलंय त्यांना बोर्जेस रोडचा तो फूटपाथ आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा वेगळी सांगायला नको. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं फाइल छातीशी धरून येतात. ही वणवण कमी व्हावी, जवळच्या केंद्रातही त्याच दर्जाचे उपचार मिळावेत, म्हणून २०१२ मध्ये टाटाच्या पुढाकारानं नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं. आज त्यात ३०० हून अधिक केंद्रं आहेत: सरकारी, धर्मादाय, खासगी. सुरुवातीचं काम होतं उपचारांची समान पद्धत ठरवणं. पण पद्धत कागदावर राहते, औषधच परवडत नसेल तर. तिथून एकत्र खरेदीचा विचार पुढे आला.

रीत तशी आपल्या ओळखीची आहे. चार घरं मिळून हंगामात गव्हाची पोती घेतात तशीच, फक्त इथे पोत्यांच्या जागी केमोच्या कुप्या. प्रत्येक केंद्रानं आपली गरज सांगायची, ती सगळी बेरीज एकत्र मांडायची आणि मग कंपन्यांकडून भाव मागवायचे. आधी कंपनीचा दर्जा पाहायचा, भाव नंतर. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. कॅन्सरच्या औषधात फसगत झाली तर ती लगेच दिसत नाही, दोन वर्षांनी गाठ परत आल्यावर दिसते. कंपनीलाही यात सोय आहे. किती माल जाणार हे आधी ठाऊक असतं, दारोदार विक्रीचा खर्च वाचतो. पहिल्या खेपेला २३ केंद्रांनी ४० औषधं मिळून घेतली. बचतीचा आकडा निघाला सुमारे १,३२० कोटी रुपये. कुठल्या औषधात २३ टक्के वाचले, कुठल्यात तब्बल ९९. मधला आकडा ८२ टक्के.

हे वाचून मला आनंद झाला आणि मागोमाग रागही आला. औषध तेच, कारखाना तोच, आणि भाव एवढा उतरू शकतो, तर आतापर्यंत आपण नेमकं कशाचे पैसे देत होतो? २०१९ च्या फेब्रुवारीत सरकारनं ४२ कॅन्सर औषधांवरचा व्यापारी नफा ३० टक्क्यांवर बांधून दिला, त्यालाही किमतींतली हीच तफावत कारण.

मिळून खरेदी करण्याची ताकद जिथे विकणारे दोघे-चौघे आहेत तिथेच चालते. पेटंटच्या औषधापुढे ती लंगडी पडते, कारण विकणारा एकच. रायबोसायक्लिब ही पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरवरची गोळी. केरळमधल्या एका निवृत्त बाईंना तिचा महिन्याचा खर्च ५८,१४० रुपये येत होता. सक्तीचा परवाना द्या, असं म्हणत त्या केरळ उच्च न्यायालयात गेल्या आणि सप्टेंबर २०२२ मध्ये, निकालाआधीच, वारल्या. न्यायालयानं विषय सोडला नाही, पण त्या गेल्या. याच जातीची दुसरी गोळी पाल्बोसायक्लिब. तिचं भारतातलं पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपलं, कितीतरी भारतीय कंपन्यांची गोळी दुकानात आली आणि भाव कोसळला. दोन गोळ्यांत फरक तारखेचा. २०२४ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅन या नव्या, महागड्या इंजेक्शनावरचं सीमाशुल्क माफ झालं, जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. मदत झाली, पण मूळ किमतीचा डोंगर तसाच आहे.

परळच्याच एका कामाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी ११ केंद्रांत सुमारे १,६०० स्त्रियांवर अभ्यास केला. ऑपरेशनच्या सात-दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं. हे तेच औषध, जे दाताचे डॉक्टर हिरडीत देतात. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले: पाच वर्षांनंतर हयात असलेल्या स्त्रियांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. खर्च शंभर रुपयांच्या आत. या औषधावर कुणाचं पेटंट नाही, म्हणून त्याची जाहिरात करायला कुणी एमआर दारात येत नाही. शोधायला परळच लागलं.

आपल्या हातात जे आहे ते थोडकं. टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोल पाच-पाच वर्षं रोज घ्यायचं असतं, म्हणून डॉक्टरांना औषधाचं जेनेरिक नाव लिहायला सांगावं आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. महात्मा फुले योजनेत आपला उपचार बसतो का, हे पहिल्या बिलाआधी विचारावं. कुपी मोठी की लहान, उरलेलं कुठे जातं, हेही विचारावं. आमच्या शेजारच्या काकूंनी केलं तसं पैसे वाचवायला एक दिवसाआड गोळी घेणं मात्र कधीच नको. परवडत नसेल तर ते डॉक्टरांना तोंडावर सांगावं. सांगायची लाज वाटते, मला ठाऊक आहे. मावशीनंही तीन महिने सांगितलं नव्हतं.

मावशीला एकूण चौदा कुप्या लागल्या. आधीच्या ठिकाणच्या तीन पुऱ्या गेल्या नसत्या तर तेरांत झालं असतं. शेवटच्या डोसाला फ्रिजमधले ११० काढले, नव्या कुपीतले २२० घेतले, आणि बरोबर अर्धी कुपी उरली. आता पुढची वेळ नव्हती. सिस्टरनं विचारलं, "मावशी, त्या समोरच्या खुर्चीतल्या ताईंना आज हेच इंजेक्शन आहे. चालेल?"

मावशी म्हणाली, "अहो, विचारता काय!"

सिस्टरनं कुपीवर नवी चिठ्ठी लावली. समोरच्या बाई डोक्याचा स्कार्फ सारखा करत होत्या, त्यांचं लक्षही नव्हतं.