मोरा बंदरांतील सण

उरणजवळील मोरा बंदराचे सण समुद्राशीं जोडलेले आहेत. पावसाळ्यांत मासेमारी बंद असते. श्रावणी पौर्णिमेस कोळीबांधव दर्यास नारळ अर्पण करून होड्या लोटण्याची त्याची अनुज्ञा मागतात. म्हणून ती नारळी पौर्णिमा. महाशिवरात्रीस जवळच्या घारापुरी बेटावर भाविक शिवदर्शनास जातात.

१५ ऑगस्ट व २६ जानेवारी हे राष्ट्रीय सण सर्व देशाचेच होत. परंतु या भागास २५ सप्टेंबरही तितकाच पवित्र आहे. १९३० सालीं त्या दिवशीं चिरनेर येथें जंगल सत्याग्रहांत पोलिसांच्या गोळीबारानें गरीब शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या हुतात्म्यांस तेथें दरवर्षीं मानवंदना देण्यांत येते. विद्यार्थ्यांनो, आपला १५ ऑगस्ट अशा बलिदानांमुळेंच उगवला, हें ध्वजवंदनाच्या वेळीं अवश्य स्मरावें.