बंदूक कोणती घेऊ, चाचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

धान कापणीला आला होता. सकाळी सकाळी आमच्या शेजारचा एक तरुण शेतकरी दारात येऊन उभा राहिला. रात्री रानडुकरांचा कळप त्याच्या बांधीत शिरला होता. खाल्लं थोडं, लोळवलं जास्त. त्याच्या हातात मोबाईल होता आणि पडद्यावर एक अमेरिकन गृहस्थ दोन रायफली शेजारी शेजारी ठेवून त्यांचे गुणदोष सांगत होता. तरुण म्हणाला, "चाचा, तुमच्या घरी बंदूक होती. सांगा, यातली कोणती चांगली? तिकडे म्हणे चांगल्या मोबाईलच्या किमतीत मिळते." आणि जाता जाता म्हणाला, "बंदूक नाही जमली, तर कुंपणात लाईन सोडतो."

त्या शेवटच्या वाक्यामुळे मी त्याला बसवून घेतलं. त्या दिवशी त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतो.

आधी ती रायफल काय आहे ते पाहू. तिला बावीस बोअर म्हणतात. इंचाचे शंभर भाग केले, तर त्यातल्या बावीस भागांएवढी तिची नळी, म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटर. मोठ्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध पेट घेणारी टोपी असते. बावीसच्या काडतुसाला ती नसते. पेटणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. टोचणी ती कड चिरडते आणि आतली दारू पेट घेते. कड चिरडली जावी म्हणून पत्रा पातळ ठेवावा लागतो. पातळ पत्र्यात फार दाब कोंडता येत नाही, म्हणून ताकद बेताची. पण काडतूस स्वस्त, आवाज कमी आणि खांद्याला धक्का जवळजवळ नाही. आज सर्वत्र चालणारं 'बावीस लाँग रायफल' हे काडतूस 1887 साली अमेरिकेत निघालं.

आता 'सेमी-ऑटोमॅटिक' म्हणजे काय? साध्या रायफलीत प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट मागे ओढून नवं काडतूस चढवावं लागतं. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हे काम बाराचा दाबच करतो. तो बोल्टला मागे ढकलतो, रिकामी टोपण बाहेर उडते, स्प्रिंग बोल्टला पुढे आणते आणि येताना तो पुढचं काडतूस नळीत बसवतो. मात्र चाप दर वेळी नव्याने ओढावा लागतो. एका ओढीला एकच गोळी.

मोबाईलमधल्या दोन रायफली म्हणजे रुगर 10/22 आणि मार्लिन 60. मार्लिन 1960 सालची, रुगर 1964 सालची. दोन्ही लाखोंनी खपल्या. तिकडे खारी आणि ससे मारायला परवानगीच्या हंगामात त्या वापरतात. रुगरमध्ये दहा काडतुसांची छोटी डबी खालून बसते आणि खटक्यासरशी निघते. मार्लिनमध्ये नळीखालीच दुसरी बारीक नळी असते, तिच्यात काडतुसं एकामागे एक सरकवायची. मार्लिन स्वस्त आणि नेमबाजीला चोख, पण भरायला वेळखाऊ. रिकामी करताना एखादं काडतूस आत राहिलं तर कळत नाही, म्हणून सावध राहावं लागतं. रुगर थोडी महाग, पण साफ करायला सोपी आणि सुटे भाग भरपूर. दोन्हींना काडतुसांची निवड असते. एक जात सुरळीत चालते, दुसरी अडकते. काजळी साचली की दोन्ही अडकतात. तिकडच्या माणसाने मला विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, पन्नास मीटरवर ज्या रायफलीने तुझी गोळी रोज एकाच जागी लागते ती घे. ससा मारायचा तर वेगाने दहा बार टाकण्यापेक्षा एक नेमका बार महत्त्वाचा.

पण आपण अमेरिकेत नाही, भंडाऱ्यात आहोत. इथे ही निवड करायच्या आधीच तीन गोष्टी आडव्या येतात.

पहिली गोष्ट शस्त्रांच्या कायद्याची. 1959 चा शस्त्र अधिनियम आणि 2016 चे नियम यांत सेमी-ऑटोमॅटिक रायफली निर्बंधित वर्गात येतात. सामान्य शेतकऱ्याला त्यांचा परवाना मिळण्याची वाट जवळजवळ बंदच आहे. बावीस बोअर पूर्ण वर्ज्य नाही. सरकारी कारखान्यात बनलेली बावीसची स्पोर्टिंग रायफल आपल्याकडे मिळते, पण ती हाताने बोल्ट ओढायची. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. आपल्या जिल्ह्यासाठी आणखी एक अट आहे. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला नवा परवाना द्यायचा, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. कोका, नवीन नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला ही नावं नकाशावर ठेवून भोवती दहा-दहा किलोमीटरचं वर्तुळ काढा, म्हणजे किती गावं त्यात येतात ते दिसेल.

दुसरी गोष्ट शिकारीच्या कायद्याची. आज अनेकांना ठाऊक नाही, पण 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात मुळात 'लहान शिकारी'चा वेगळा परवाना होता. माझे अब्बा तितर आणि पाणबदक मारायचे, परवान्याच्या एकनळीने. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. चाप ओढण्याआधी ते बिस्मिल्ला म्हणत. पाखरू पडलं की धावायचं काम माझं, कारण जीव असेपर्यंत ते हलाल व्हायला हवं. एकदा तलावाच्या काठच्या गवतात जखमी बदक शिरलं. आम्ही अंधार पडेपर्यंत शोधलं, सापडलं नाही. घरी येताना अब्बा एक शब्द बोलले नाहीत. 1991 च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच संपले. अब्बांनी बंदूक जमा केली. आज ससा काय, तितर काय, हौसेसाठी किंवा ताटासाठी मारणं हा गुन्हा आहे. छर्ऱ्याच्या हवाई बंदुकीला ठरावीक ताकदीपर्यंत परवाना लागत नाही, म्हणून तिने पाखरं मारायला मोकळीक आहे असं पोरं समजतात. तसं मुळीच नाही.

इथे सलीम अली यांची आठवण येते. लहानपणी त्यांनी हवाई बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती खाणं चालेल का, हा प्रश्न घेऊन ते मामांकडे गेले. मामांनी त्यांना मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं आणि तिथून पुढे देशाला पक्षीशास्त्रज्ञ मिळाला.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बावीसची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. सशासाठी ती पुरते. जाड कातडीच्या, चिखल माखलेल्या रानडुकराला ती मारत नाही, जखमी करते. जखमी डुक्कर रात्री झुडपात बसून राहतं आणि सकाळी गवत कापायला गेलेल्या बाईवर येतं. आणि चुकलेली गोळी? बंदुकीचे बारीक छर्रे दोन-अडीचशे मीटरवर गळून पडतात. बावीसची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि पाण्यावर किंवा दगडावर आपटली तर दिशा बदलते. आपली शेतं सपाट, बांधीत पाणी, पलीकडे दुसऱ्याची मचाण आणि मचाणीवर जागलीला बसलेला माणूस.

मग शेतकऱ्याने काय करावं? कायद्याने त्याला वाऱ्यावर सोडलेलं नाही. उभ्या पिकाला धोका झालेल्या रानडुकराबाबत वन विभागाचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात त्यासाठी 2015 साली शासन निर्णयही निघाला. पण आधी अर्ज, मग परवानगी, मग परवान्याची योग्य बंदूक आणि ती चालवणारा अनुभवी हात, हा क्रम मोडता येत नाही. नुकसान झालं की लगेच वन विभागाला कळवून पंचनामा करून घ्यावा. पीक कापून झाल्यावर पंचनामा कशाचा करणार?

आणि ती 'लाईन'. विजेच्या खांबावरून तार ओढून कुंपणात सोडलेला प्रवाह डुक्कर आणि माणूस यांत फरक करत नाही. आपल्या नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्याला गेलेला 'जय' वाघ तुम्हाला आठवत असेल. त्याचा बछडा 'श्रीनिवास' 2017 च्या एप्रिलमध्ये नागभीड भागात अशाच तारेने मेला. तारेला चिकटून आपलीच माणसं गेल्याच्या बातम्याही आपण वाचतो. याउलट सौर कुंपणातला झटका क्षणभराचा असतो, थांबून थांबून येतो. तो जनावराला हाकलतो, मारत नाही. त्यासाठी वन विभागाच्या योजनेतून अनुदानही मिळतं. एकट्याने कुंपण घातलं तर डुकरं शेजाऱ्याकडे जातात, म्हणून लागून असलेल्या शेतांनी मिळून घालावं. कुंपणाखालचं गवत कापत राहावं, नाहीतर प्रवाह गवतातूनच जमिनीत जातो.

तरुणाने हे सगळं ऐकून घेतलं. लगेच पटलं असं नाही. "तोवर माझा धान?" म्हणाला. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून त्या रात्री मी त्याच्याबरोबर जागलीला गेलो. टॉर्च, टिनाचा डबा आणि चहाचा थर्मास एवढीच आमची शस्त्रं. पहाटे तीनच्या सुमारास कळप आला, डबा वाजला, कळप वळला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं अर्ज घेऊन वन विभागाच्या कार्यालयात गेलो. यंदा त्याने बांधाला बांध असलेल्या तिघांना सोबत घेऊन सौर कुंपण उभं केलं आहे. गवत कापायची पाळी आठवड्याला एकाची. परवा माझ्या घरासमोरून जाताना तो ओरडून म्हणाला, "चाचा, या आठवड्यात पाळी माझी आहे, विळा द्या!"