विंडोज बदलली की फायली ‘उडतात’?

“विंडोज नवीन टाकली आणि सगळा डेटा उडाला.” सोयगावातली ऑनलाइन फॉर्मची दुकानं असोत, शाळांची ऑफिसं असोत की खत-बियाण्याच्या दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर असो, हे वाक्य सध्या फार ऐकू येतं. कारण उघड आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ज्यांची मशीन झेपणारी होती त्यांनी ११ वर अपग्रेड केलं, बाकीच्यांनी कुणाकडून तरी ती बसवून घेतली. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू केला तर डेस्कटॉप कोरा. दाखल्यांसाठी स्कॅन केलेले कागद, पीक विम्याच्या पावत्या, शाळेचे निकाल, काहीच दिसत नाही. मग शेजारचा जाणकार निकाल देऊन टाकतो: “उडाला. आता काही होत नाही. फॉरमॅट मारून घ्या, निदान मशीन तरी पळेल.”

या सल्ल्याने प्रत्यक्ष नुकसान होतं. बहुतेक वेळा तोवर फायली डिस्कवर शाबूत असतात. त्या खरोखर जातात त्या या फॉरमॅटमुळे. आणि मग दोष अपग्रेडच्या माथी बसतो.

आधी एवढं लक्षात घ्या की डेस्कटॉप हासुद्धा एक साधा फोल्डर आहे. सी ड्राइव्हमध्ये ‘युजर्स’, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर आणि त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. स्क्रीनवर जे दिसतं ते विंडोज त्या घडीला ज्या नावाने चालू आहे, त्याच नावाच्या फोल्डरातलं. नाव बदललं तर स्क्रीन कोरी दिसणारच. सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आला म्हणून रान हलत नाही, तसंच हे आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे ‘युजर्स’ उघडून आत किती नावं आहेत ते पाहणं. एक तुमचं नवं नाव, एक जुनं, असं सर्रास आढळतं. कधी जुन्याच नावापुढे ‘.०००’ किंवा ‘.बॅक’ अशी शेपटी लागलेली असते. फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज १० च्या एका सुरक्षा अपडेटनंतर जगभर हेच झालं होतं: लोकांना तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये लॉगिन मिळालं, डेस्कटॉप रिकामा दिसला, आणि फायली शेपटीच्या फोल्डरात तशाच पडून होत्या. अशा तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये असाल तर विंडोज तसा संदेश दाखवते. त्या अवस्थेत नवीन काहीही सेव्ह करू नका. साइन आउट केलं की ते मात्र खरंच पुसलं जातं.

दुसरी जागा वनड्राइव्ह. मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज ११ सुरू केली की डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप अनेकदा आपोआप चालू होतो. मग हे फोल्डर तुमच्या नावाखालून उठून ‘वनड्राइव्ह’ फोल्डरच्या आत जाऊन बसतात. फुकट जागा मिळते ५ जीबी. स्कॅन केलेल्या कागदांनी ती भरली की तक्रारी सुरू होतात, कुणीतरी वैतागून बॅकअप बंद करतो, आणि डेस्कटॉप रिकामा होऊ शकतो. फायली वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहिलेल्या असतात. तिथून उचलून परत आणायच्या, एवढंच.

तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची, आणि तिच्याविषयीच सर्वांत जास्त अज्ञान आहे. जुनी विंडोज तशीच ठेवून वर नवी बसवली, म्हणजे फॉरमॅट न करता, तर जुनी सगळी सामग्री सी ड्राइव्हवर ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरात जाते. पेनड्राइव्हवरून बसवली तरी पार्टिशन पुसलं नसेल तर हेच होतं. तो फोल्डर उघडा, त्यात ‘युजर्स’, त्यात तुमचं जुनं नाव. परवानगी नाही असा चौकोन येईल. त्यावरचं ‘कंटिन्यू’ दाबा, अॅडमिनिस्ट्रेटर खातं असेल तर आत जाता येतं. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, जे हवं ते कॉपी करून नव्या जागी आणा.

पण हा फोल्डर तिथे कायमचा नसतो. अपग्रेडनंतर १० दिवसांनी विंडोज तो स्वतः काढून टाकते. पूर्वी ही मुदत ३० दिवस होती, २०१६ च्या अपडेटपासून ती १० वर आली. त्याच्या आधीच कुणीतरी “सी ड्राइव्ह लाल झाला, हा फालतू फोल्डर जागा खातोय” म्हणून डिस्क क्लीनअपमध्ये ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स’वर टिचकी मारतो. जागा बरीच खातो हे खरं आहे. पण तुमचे कागद परत मिळण्याची ती एकमेव जागा असू शकते, आणि हे ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती आपण मशीन देतो. सोयगाव घाटाखाली आहे. डेटा काढून देणारं मोठं दुकान गाठायचं तर पाचोरा-जळगावची वाट धरा, नाहीतर घाट चढून संभाजीनगर. तेवढा खर्च आणि वेळ हा फोल्डर वेळेत उघडला तर वाचतो.

आता अपग्रेडने कधी खरोखर डेटा गेला आहे का? हो, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर २०१८ चं विंडोज १० चं मोठं अपडेट आलं आणि काहींच्या डॉक्युमेंट्समधल्या फायली खरंच पुसल्या गेल्या. ज्यांनी हे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवले होते पण जुन्या जागीही फायली राहू दिल्या होत्या, त्यांच्या बाबतीत अपडेटने जुनी जागा ‘रिकामी’ समजून साफ केली. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच ते अपडेट थांबवलं, चूक जाहीर कबूल केली आणि १३ नोव्हेंबरला दुरुस्त करून पुन्हा सोडलं. कंपनीच्याच निवेदनानुसार अशा तक्रारी एकूण इन्स्टॉलच्या एक टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढ्या होत्या. ज्याचे कागद गेले त्याला हा आकडा काय दिलासा देणार, पण “अपग्रेड केलं की डेटा उडतोच” हा नियम त्यातून निघत नाही.

दुसरा गैरसमज मला त्याहून चीड आणतो, कारण तो व्हायरसच्या नावाने पसरवला जातो. आपल्याकडच्या अनेकांनी एमएस-सीआयटी विंडोज एक्सपीवर केली. तिथे सगळं ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मध्ये असे. २००७ साली व्हिस्टा आली आणि त्याची जागा ‘युजर्स’ने घेतली. ‘अॅप्लिकेशन डेटा’चा झाला ‘अॅपडेटा’, आत ‘लोकल’ आणि ‘रोमिंग’ असे कप्पे. ‘ऑल युजर्स’च्या जागी आला ‘प्रोग्रामडेटा’. अॅपडेटा आणि प्रोग्रामडेटा लपलेले असतात. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘शो’ आणि मग ‘हिडन आयटम्स’वर टिक केली की ते दिसू लागतात.

मग सिस्टिमचे लपवलेले फोल्डरही दाखवायला सांगितलं, तर सी ड्राइव्हवर ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ पुन्हा उगवतो. चिन्हावर छोटा बाण असतो आणि उघडायला गेलं की ‘अॅक्सेस इज डिनाइड’. लगेच “व्हायरसने लॉक केलंय” अशी बातमी पसरते. तसं काही नसतं. तो फोल्डरच नाही, ‘युजर्स’कडे बोट दाखवणारी पाटी आहे. एक्सपीच्या काळातले जुने प्रोग्राम जुनाच पत्ता मागतात, त्यांना नव्या पत्त्यावर वळवण्यासाठी ती ठेवली आहे. माणसाने ती उघडू नये म्हणून मुद्दाम मनाई घातलेली असते. काही बहाद्दर ही मनाई काढून “मालकी घेतात”. तसं करू नका. अॅपडेटाच्या ‘लोकल’मध्ये ‘अॅप्लिकेशन डेटा’ नावाची अशीच पाटी असते, जी ‘लोकल’कडेच परत वळते. तिच्यावरची मनाई काढली की बॅकअपचा प्रोग्राम तिच्या आत, मग पुन्हा तिच्याच आत, असा फिरत राहतो आणि शेवटी त्रुटी देऊन थांबतो.

मराठी कागदांचं वेगळं दुखणं आहे. अपग्रेड करून घेतलं की शाळेचा जुना ठराव किंवा ग्रामपंचायतीचं पत्र उघडतं, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, अवतरणचिन्हं आणि कंस. “फाइल करप्ट झाली” म्हणून ती डिलीट करणारे आहेत. फाइल ठीक असते, नसतो तो फाँट. श्री-लिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं असे. विंडोज नव्याने बसवली की तो फाँट गेला आणि मागची खरी अक्षरं उघडी पडली. तोच फाँट पुन्हा टाका, ठराव जसाच्या तसा वाचता येईल. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांत फाँटवर दोनदा क्लिक करून बसवला तर तो फक्त तुमच्या युजरपुरता बसू शकतो. दुसऱ्या नावाने लॉगिन केलं तर तो सापडणार नाही. म्हणून उजवी क्लिक करून ‘सर्व युजर्ससाठी’ हा पर्याय घ्या. युनिकोडमधल्या फायलींना ही अडचण येत नाही. मंगल फाँट दिसत नसेल तर तो विंडोजच्या ऐच्छिक फीचर्समधल्या देवनागरी पूरक फाँटमध्ये मिळतो.

किरकोळ गैरसमज थोडक्यात. ‘सिस्टिम३२’ आणि ‘सिसवाव६४’ हे दोन्ही खरे विंडोजचेच फोल्डर आहेत, आणि नावाच्या उलट पहिल्यात ६४ बिटचं साहित्य असतं आणि दुसऱ्यात ३२ बिटचं. त्यात बनावट काही नाही, हात लावू नका. “डी ड्राइव्हवर ठेवलं म्हणजे सुरक्षित” हे फक्त सी फॉरमॅट होण्यापुरतं खरं आहे. बहुतेक मशीनमध्ये सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग असतात, डिस्क बिघडली की दोन्ही जातात. अपग्रेडने परवाना जात नाही, तो मशीनच्या हार्डवेअरशी जोडलेला असतो. विंडोज १० वरच राहायचं असेल तर घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट नोंदणी करून मिळतात.

दुसऱ्याला मशीन देताना दोन गोष्टी सांगून ठेवा. एक, फॉरमॅट करण्याआधी विचारा. दोन, मायक्रोसॉफ्ट खातं माझ्या ईमेलवर काढा. विंडोज ११ आता अनेक मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद करते, आणि तिची रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. दुकानदाराच्या ईमेलवर खातं असेल तर तुमच्या कागदांची किल्ली त्याच्याकडे राहते.

आणि फॉरमॅट होऊनच गेला असेल तर मशीन तत्काळ बंद करा, त्यावर नवीन काही टाकू नका. साध्या हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल तिच्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत बऱ्याचदा परत मिळते. एसएसडीवर पुसलेल्या जागा पार्श्वभूमीत आपोआप साफ होत जातात आणि मग कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. म्हणून अपग्रेडच्या आधी गावातल्या लोकांचे दाखले, सातबारा आणि पावत्या एका बाहेरच्या पेनड्राइव्हवर उतरवा आणि तो पेनड्राइव्ह काम संपेपर्यंत मशीनला लावून ठेवू नका.