शेल्टरमधला कारवान-मिक्स घरी आणताय?

बरगड्या दिसतात म्हणून शेल्टरमधल्या कारवान किंवा मुधोळ मिक्सला लोक उपाशी समजतात. बऱ्याचदा तसं नसतं, दख्खनच्या या शिकारी कुत्र्यांचा बांधाच सडपातळ. ही नजरेनं शिकार करणारी जात. संकर असला तरी मांजर, खार दिसली की सुसाट. मग तुमची हाक ऐकतो कोण? रस्त्यावर मोकळं सोडूच नका. डोकं निमुळतं असल्यानं साधा पट्टा सहज निसटतो. ओढल्यावर बेतानं आवळणारा रुंद मार्टिंगेल घ्या. अंगात चरबी कमी, त्यामुळे भुलीची काही औषधं जड जाऊ शकतात. नसबंदीआधी डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. रोज पळायला मिळालं की घरात मात्र निवांत लोळतात, फ्लॅटमध्येही रमतात. घरी मांजर असेल, तर आणण्याआधी शेल्टरमध्येच कुत्र्याला मांजर दाखवून बघा.