एक विष दुसऱ्याला बळ देते तेव्हा...

स्वयंपाकघरात झुरळ दिसले की आपण फवाऱ्याचा डबा उचलतो. कुंडीतल्या गुलाबावर मावा पडला की दुसरे औषध आणतो. प्रत्येक डब्यावर वापरण्याचे प्रमाण छापलेले असते. पण ही सारी औषधे गटारातून ओढ्यात जाऊन एकत्र आली, तर काय होते? अमेरिकेतील सॅक्रामेंटो शहरात २००५ मध्ये घडलेली गोष्ट याबाबत बरेच काही शिकवून जाते.

कॅलिफोर्निया राज्यातील या शहरात त्या वर्षी डासांमुळे पसरणाऱ्या वेस्ट नाईल रोगाची साथ आली होती. ऑगस्टमध्ये शहरावर विमानातून औषध फवारण्यात आले. त्यात दोन घटक होते. पहिला पायरेथ्रिन. शेवंतीच्या कुळातील फुलांपासून मिळणारा हा घटक डास मारतो. दुसरा पायपेरोनिल ब्युटॉक्साइड. तो स्वतः फारसा विषारी नाही, मात्र पहिल्याचा मारा वाढवतो.

राखणदाराचे हात बांधले!

कीटकांच्या शरीरात विष निकामी करणारी एन्झाइम्स असतात. पायपेरोनिल ब्युटॉक्साइड नेमके त्यांनाच जखडून ठेवते. घरात चोर शिरण्याआधी राखणदाराचे हात बांधावेत, तसा हा प्रकार.

फवारणीनंतर संशोधकांनी शहरातील ओढे तपासले. पायरेथ्रिनमुळे पाण्यातील जिवांना अपाय झाल्याचे दिसले नाही. पण ओढ्यांच्या तळच्या गाळात आधीच दुसरी विषे साठलेली होती. घरांभोवती आणि बागांमध्ये मारलेली पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके पाण्याबरोबर वाहत तिथे पोचली होती. नव्या फवारणीतून पाण्यात उतरलेले पायपेरोनिल ब्युटॉक्साइड लिटरमागे अवघे २ ते ४ मायक्रोग्रॅम होते. तेवढ्यानेही हायलेला या जिवासाठी त्या गाळाचा विषारीपणा जवळपास दुपटीने वाढला.

झिंग्यासारखा दिसणारा हा जीव काही मिलिमीटरच लांब असतो. कुजकी पाने आणि शेवाळ खाऊन तो जगतो, आणि त्याला खाऊन मासे जगतात. तो संपला तर माशांचे ताटच रिकामे होते.

मग फवारणी करायचीच नाही का? तसे नव्हे. फवारलेल्या भागात रोगाचे प्रमाण घटल्याचे पुढील अभ्यासात दिसून आले. माणसांचे जीव वाचवणे आवश्यकच होते. अडचण आहे ती वेगळीच. प्रत्येक औषधाची चाचणी प्रामुख्याने एकेकट्याने होते, ओढ्यात मात्र ती कधीच एकटी नसतात. शेतातही तेच. एझोल वर्गातील काही बुरशीनाशके कीटकनाशकांचा मारा अशाच रीतीने वाढवतात, हे पाणपिसवांवरील प्रयोगांत आढळले आहे.

म्हणून उरलेले औषध मोरीत ओतू नका, फवारणीचा पंप ओढ्यात धुऊ नका आणि मनाने दोन औषधे एकत्र करू नका. आपल्या डब्यातले औषध थोडेसेच असेल. पण ओढ्यात त्याची वाट पाहत कोण बसले आहे, हे आपल्याला कुठे ठाऊक असते?