घटनावाहिनी सेतू

संगणक प्रणालीतील पार्श्वसेवा व ब्राउझर यांच्यात संदेशांची देवाणघेवाण घडवून आणणारी योजना. घटनावाहिनी (इव्हेंट बस) ही प्रणालीच्या निरनिराळ्या भागांना जोडणारी संदेशवहनाची सामाईक वाट होय. संदेश विशिष्ट पत्त्यावर टाकला जातो व त्या पत्त्याशी नोंदणी केलेल्या भागांना मिळतो. प्रेषक व ग्राहक यांना परस्परांचे ठिकाण ठाऊक असावे लागत नाही. संदेश सर्वांना प्रसारित करता येतो किंवा एकाच ग्राहकाकडे धाडून उत्तर मागविता येते.

नेहमीच्या एचटीटीपी संकेतानुसार ब्राउझर विचारतो व सेवासंगणक उत्तर देतो. त्यामुळे नवी माहिती मिळविण्यासाठी ब्राउझरला तीच विचारणा पुनःपुन्हा करावी लागे. दुतर्फा, सतत खुला दुवा देणारा वेबसॉकेट संकेत डिसेंबर 2011 मध्ये प्रमाणित झाला. टिम फॉक्स यांनी 2011 मध्ये सुरू केलेल्या व्हर्टएक्स या साधनसंचात घटनावाहिनी ब्राउझरपर्यंत नेणारा सेतू आहे. वेबसॉकेट चालत नसेल तेथे सॉकजेएस हे साधन अन्य मार्गांनी दुवा राखते.

अहिल्यानगर (2024 पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यात राहुरी तालुक्यातील मुळा धरणाचे उदाहरण कल्पिता येईल. पाणीपातळी व विसर्ग यांचे आकडे ‘मुळा.पातळी’ या पत्त्यावर प्रसारित केल्यास कालव्यावरील शेतकऱ्याला ते, पान पुन्हा न उघडता, दिसत राहतील. परंतु दरवाजे हलविण्याची आज्ञा स्वीकारणारा ‘मुळा.दरवाजे’ हा पत्ताही त्याच वाहिनीवर असला आणि सेतू सरसकट खुला ठेवला, तर पान उघडणारा कोणीही ती आज्ञा धाडू शकेल. पानावर तशी कळ न ठेवणे हे संरक्षण नव्हे. संदेश हाताने रचूनही पाठविता येतो. म्हणून व्हर्टएक्सचा सेतू मुळात सर्वच संदेश अडवितो. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या संदेशांसाठी अनुज्ञेय पत्त्यांच्या याद्या वेगवेगळ्या द्याव्या लागतात. येथे बाहेरच्या यादीत पातळीचा पत्ता पुरेसा असून आतली यादी रिकामी ठेवणेच इष्ट. ‘मुळा’ने आरंभ होणारे सर्व पत्ते मान्य करणारा सैल नमुना आतल्या यादीत दिल्यास दरवाजांचा पत्ताही त्यात येतो. शिवाय परक्या संकेतस्थळाच्या पानावरूनही वेबसॉकेट दुवा जोडता येत असल्याने, विचारणा कोणत्या स्थळावरून आली याची तपासणी सेवासंगणकाला स्वतः करावी लागते.

संदेश पोहोचेलच अशी हमी ही वाहिनी देत नाही. दुवा तुटलेल्या काळात प्रसारित झालेले संदेश मागाहून मिळत नाहीत. पुराच्या वेळी पडद्यावर जुना आकडा तसाच राहणे हे आकडा मुळीच नसण्यापेक्षा घातक होय. यास्तव प्रत्येक संदेशात मापनाची वेळ घालतात, आणि दुवा पुन्हा जुळताच शेवटचा आकडा साध्या एचटीटीपी विचारणेने मागवून घेतात.